आजरा तालुक्यातील एक प्रेक्षक

शुक्रवारी बाराचा शो सुटायचा तीनला आणि आमचा अंक छापायला जायचा दीडला. म्हणजे थेटरात मध्यंतराचे सामोसे अजून खाऊन झालेले नसायचे आणि सबंध सिनेमा कोल्हापूरच्या प्रेक्षकांना कसा वाटला, ते आमच्या सायंदैनिकाच्या चौथ्या पानावर जाऊन बसलेलं असायचं. शो सुटल्यावर लोक बाहेर यायचे, स्टँडवर पेपर विकत घ्यायचे आणि आपल्याला काय वाटलं ते वाचायचे. 'प्रेक्षक म्हणतात' असं त्या सदराचं नाव. प्रेक्षक काहीएक म्हणत नसत. मी म्हणत असे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नुकती बी. ए. होऊन त्या पेपरात उमेदवारीवर लागले होते. सहा महिन्यांनी कायम करू, असं संपादकांनी तोंडी सांगितलं होतं आणि कायम झाले नाही तर काय करायचं ते घरच्यांनी ठरवून ठेवलं होतं. दोन स्थळं तयार होती, एक कराडचं आणि एक निपाणीचं. त्यामुळे मला जे काम सांगतील ते मी मान खाली घालून करत होते. खरं तर मान खाली घालायचा माझा स्वभाव नाही. घरात मला 'मिरचीची पूड' म्हणायचे. पण नोकरीपुढे पुडीचं तोंड बांधून ठेवलं होतं.

सदराची रीत संपादकांनी पहिल्याच दिवशी समजावली. सहा मतं. दोन बायकांची, एक कॉलेजच्या पोराचं, एक शहरातल्या कुणाचं तरी, दोन तालुक्यांची. नाव कुणाचंच द्यायचं नाही, फक्त गाव. नाव दिलं की त्या नावाचा कुणीतरी भांडायला येतो. गाव मात्र हवंच, कारण हुपरीचं मत छापून आलं की हुपरीचा एजंट जास्तीचे अंक मागवायचा. म्हणून तालुक्यांतल्या गावांना पाळीपाळीनं संधी मिळायची. एका आठवड्यात हुपरी आणि कागल, पुढच्या आठवड्यात चंदगड आणि आजरा. चंदगडचा माणूस भर पावसात एस. टी.त अर्धा दिवस घालवून पहिल्या शोला येतो आणि दीडच्या आत मत देऊन मोकळा होतो, यात कुणालाच काही खटकत नव्हतं.

"पण साहेब, हे खोटं आहे ना?" मी विचारलं होतं.

"अगं, मत कधी खोटं असतंय व्हय?" ते म्हणाले. "कुणाचं ना कुणाचं ते असतंयच."

पुढे तर मला त्या कामात मजाच यायला लागली. एक रागीट रिक्षावाला मी तयार केला होता, त्याला कुठलाही सिनेमा आवडत नसे. जयसिंगपूरची एक गृहिणी होती, तिचं लक्ष फक्त नायिकेच्या साड्यांवर. ही माणसं मला माझ्या नात्यातल्यांपेक्षा जवळची वाटायची.

तो सिनेमा लागला तेव्हा आजऱ्याची पाळी होती.

सिनेमा भुताचा होता आणि खुनाचाही. मी तो पाहिलेला नव्हता, पाहायचा प्रश्नच नव्हता. थेटरवाल्यांनी पाठवलेलं पत्रक आणि मुंबईच्या पेपरातलं परीक्षण एवढ्यावर माझं भागायचं. डोंगरातलं एक लहानसं गाव. गावच्या विहिरीत एक सून मरून पडलेली सापडते. पाय घसरला, असं सगळे म्हणतात. मग गावातली माणसं एकामागून एक मरायला लागतात. ज्याच्या घरी माणूस मरतं त्याच्या अंगणात ओल्या पावलांचे ठसे उमटलेले असतात. फौजदार खुनी शोधतो, मांत्रिक भूत शोधतो, आणि शेवटी कळतं की मेलेली माणसं म्हणजे तो खून डोळ्यांनी पाहून गप्प बसलेले शेजारी.

पाच मतं मी भराभरा लिहिली. रिक्षावाल्याला भूत आवडलं नाही. जयसिंगपूरच्या बाईला भुताची साडी आवडली. सहावं अडलं. एक वाजून गेला होता, आतून कंपोझिंगवाला हाका मारत होता. आणि मग माझ्या हातून हे उतरलं:

'भूत दाखवायची गरजच नव्हती. आमच्या गावातही अशीच एक सून विहिरीत सापडली. कुणी ढकललं ते सगळ्या आळीला माहीत आहे. शेजारी वेळेवर बोलले असते, तर भुताला यावं लागलं नसतं. – आजरा तालुक्यातील एक प्रेक्षक'

संपादकांनी वाचलं, चष्मा काढला. "हे खरंच कुणी म्हणालं का गं?" असं त्यांनी विचारलं. त्यांनी असं विचारायची ती पहिलीच वेळ. मी नाही म्हणाले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी ते मत चौकटीत घेतलं, भोवती जाड रेघ दिली. संध्याकाळी मी तो अंक घरी नेऊन वडिलांच्या हातात ठेवला आणि कराडचा विषय त्या दिवसापुरता निघाला नाही.

मंगळवारी ती बाई आली.

पन्नाशीची असेल. चपला जिन्यातच काढून आली होती. बोटांची टोकं काळी पडलेली होती, दहाही. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं अशी होतात; टरफलातलं तेल लागून कातडं जळतं आणि काळं पडतं, धुऊन जात नाही. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून आमचा अंक काढला. घडी चौकटीवरच घातलेली होती.

"फॅक्टरीत जेवायच्या सुट्टीत एक पोरगी पेपर वाचून दावती," ती म्हणाली. "तिनं ह्ये वाचलं आनि सगळ्या बायका माज्याकडं बघाय लागल्या."

संपादकांनी चष्मा लावून अंक पुढे ओढला.

"ही माजी लेक हाय," तिनं चौकटीवर बोट ठेवलं. "दोन वर्सं झाली. लगीन हून तीन सालं झालती. हिरीत पाय घसरला म्हणून कागदावर लिवलं. पाण्याला ती रोज जात हुती, पाय कसा घसरंल? मी लई हिंडलो. सगळी म्हणत्यात, बघिटल्यालं कोण न्हाय. आनि ह्यो माणूस तर म्हणतोय, समद्यास्नी म्हाईत हाय. मला त्यो माणूस दावा."

मी संपादकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे सांगतील. म्हणतील, मावशी, चूक झाली, हे आमच्या पोरीनं मनानं लिहिलंय. त्यांनी खुर्चीत जरा ताठ बसून घेतलं.

"मावशी, मत देणाऱ्याचं नाव आम्ही कुणालाच सांगत नाही," ते म्हणाले. "लोक विश्वासानं बोलतात. तो आमचा धर्म आहे."

खोटं बोलताना धर्म मध्ये आणणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, पण ती पहिली. आणि तिला ते पटलंही. तिनं मान डोलावली.

"बराबर हाय तुमचं. भीत असंल. त्यास्नी एवढं सांगा, मी काय दारात येत न्हाय. फकस्त एकदा फौजदार साहेबाम्होरं खरं बोला म्हणावं." मग ती माझ्याकडे वळली. "तू लिवलंस व्हय गं ताई? कसा हुता दिसायला?"

इथवरचं खोटं पेपराचं होतं. आता तोंड माझं होतं.

"गर्दी होती, मावशी," मी म्हणाले. "नीट पाहिलं नाही."

"कुठल्या थेटरात?"

"स्टँडजवळच्या."

तिनं थेटराचं नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करून घेतलं. जिन्यात चपला घालताना तिनं मागे वळून मला हात जोडले.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. टेबलाशी बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते कळेना. पाणी प्यायला जाऊन पाणी न पिता परत यायची. रात्री आई म्हणाली, "अंगात काय शिरलंय तुझ्या? भुताचा सिनेमा बघून आलीस काय?" मी तिच्यावर खेकसले आणि ताटावरून उठले.

बुधवारी तीनच्या सुमाराला काहीतरी निमित्त काढून मी त्या थेटरावरून गेले. ती तिथे होती. शो नुकताच सुटला होता, लोक बाहेर पडत होते आणि ती दारातल्या लोखंडी कठड्याला धरून उभी होती. सकाळच्या आजरा गाडीनं आली असणार. फॅक्टरीतला खाडा करून. मी समोरच्या रसाच्या गाड्यामागे उभी राहिले.

"पावणं," ती एकेकाला अडवत होती, "कसा वाटला पिक्चर?"

पहिल्यांदा मला कळेना, ती हे का विचारतेय. मग लक्षात आलं. आधी गाव विचारलं तर माणूस बिचकतो आणि निघून जातो. सिनेमाविषयी विचारलं की थांबतो. कोल्हापूरचा माणूस वाट सोडेल, पण सिनेमावर मत द्यायची संधी सोडणार नाही. दोन दिवसांत ही बाई ते शिकली होती. मला सहा महिन्यांत शिकायची गरज पडली नव्हती.

"भूत लई उशिरा आलं ओ मावशी," एक धोतरवाला म्हणाला. "इंटरवलच्या आदी याला पायजे हुतं. निम्मं तिकीट वाया की!"

"खुनी कोन त्ये मला पैल्याच शीनला कळलं," दुसरा म्हणाला. "जो जास्त रडतोय त्योच असतोय."

दोन कॉलेजची पोरं "नाद खुळा!" म्हणून हसत निघून गेली. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "सासूला जित्ती सोडली भुतानं. त्ये काय बराबर न्हाय." तिच्या नवऱ्याला साउंड फार आवडला होता. आणखी एकानं भुताचे पाय सरळ दाखवलेत, उलटे पाहिजेत, यावर तिला पाच मिनिटं ऐकवलं. ती सगळं ऐकून घेत होती, मान हलवत होती आणि शेवटी हळूच विचारत होती, "तुमचं गाव कुठलं म्हणायचं?"

वडगाव. इस्लामपूर. गांधीनगर. एकाचं गाव आजऱ्याच्या अंगाला निघालं. तिनं त्याच्या बाहीला हात लावला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तो एकदम मोठ्यानं म्हणाला, "आमच्या गावाकडं असलं काय घडत न्हाय!" आणि बाही सोडवून घेऊन स्टँडकडे चालू लागला. ती त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली.

माझा रिक्षावाला, माझी जयसिंगपूरची गृहिणी मला तिथे उभ्या उभ्या इतकी पोचट वाटायला लागली की काय सांगू. खरी मतं रस्त्यावर मोकळी पडली होती आणि ती गोळा करत होती एक आई, मी रचलेल्या एका माणसाच्या शोधात. मी रसाचा ग्लास तसाच ठेवला आणि ऑफिसला परत गेले. तिच्यापुढे जायची माझी छाती झाली नाही.

गुरुवारी मात्र गेले. गुरुवार हा सिनेमाचा शेवटचा दिवस. शुक्रवारी पिक्चर बदलणार होता आणि तिला ते माहीत नव्हतं. ती नव्या पिक्चरच्या प्रेक्षकांनाही विचारत राहील, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी पावणेबारालाच थेटर गाठलं. ती लवकर येऊन पायरीवर बसली होती.

"आलीस?" तिचा चेहरा फुलला. "त्यो आला तर तू वळखशील न्हवं?"

"मावशी, तुम्ही सिनेमा पाहिलात का?"

"मी कशाला बघू? मी मानसं बघतो."

"चला, आज बघू," मी म्हणाले आणि दोन तिकिटं काढली. का काढली, सांगता येत नाही. सांगायला आले होते आणि सांगणं तीन तास पुढे ढकलायला निमित्त हवं होतं, एवढंच खरं.

थेटर निम्मं रिकामं होतं. तिनं खुर्चीच्या कडेवर बसून सिनेमा पाहिला, एस. टी.त आपला थांबा जवळ आल्यावर बसतात तसा. विहिरीचा प्रसंग आला. सून घागर घेऊन येते, कॅमेरा आकाशाकडे जातो आणि फक्त पाण्याचा आवाज येतो. मागे कुणीतरी शिट्टी मारली. तिनं माझा हात धरला नाही, डोळे मिटले नाहीत, काही नाही. मीच दोन्ही पाय वर घेऊन बसले होते. पडद्यावर काय चाललंय ते मला दिसतही नव्हतं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

मध्यंतरात दिवे लागले. मी दोन चहा आणले. तिनं ग्लास काळ्या बोटांत धरला आणि फुंकर घातली, तेवढ्यात मी बोलून टाकलं.

"मावशी, असा कुणी माणूस नाही. ते मत मी लिहिलं. माझ्या मनानं. आजऱ्याची पाळी होती म्हणून आजरा घातलं. मी तुमच्या गावाला कधी आलेले नाही, तुमच्या लेकीचं मला काहीही माहीत नव्हतं."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. सगळं सांगितलं, बाराचा शो, दीडचा अंक, एजंट, सहा मतं. सांगताना मला माझीच किळस येत होती. तिनं चहा खाली ठेवला.

"म्हंजे कोनच न्हाय?"

"नाही."

"साहेब म्हणालं, विश्वासानं सांगितलंय म्हणून."

"खोटं बोलले. मीही बोलले."

ती पडद्याकडे बघू लागली. पडद्यावर साबणाच्या जाहिरातीची स्लाइड होती. मला वाटलं, ही आता थोबाडीत मारेल. मारली असती तर फार बरं झालं असतं.

"मग तुला कसं कळलं?" तिनं विचारलं. "शेजारी बोलली असती तर, असं. त्ये कसं सुचलं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पण उत्तर तिथेच होतं, बोटभर अंतरावर. मी दहावीत असताना आमच्या गल्लीत एक सून जळून मेली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सांगितलं. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. त्यांची भांडणं आम्ही रोज ऐकत होतो, त्या दुपारीही ऐकली आणि मग तिचं ओरडणंही. आम्ही जेवत होतो. वडिलांनी रेडिओचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आईनं आमचं दार लावून घेतलं. आणि मी अभ्यासाला बसले.

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे तूबी शेजारीनच," ती म्हणाली. रागानं नाही. एखादीचं माहेर कळावं आणि ओळख पटावी, तसं म्हणाली.

दिवे गेले. मला वाटलं, ती उठेल. ती उठली नाही.

"आता शेवट बघू की," ती म्हणाली.

आम्ही शेवट पाहिला. ओली पावलं आली, गप्प बसलेली माणसं एकेक करून मेली, शेवटी खुनी विहिरीत पडला आणि पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. तिनं टाळी वाजवली नाही. बाहेर उन्हात आल्यावर ती कठड्याला टेकली. या वेळी तिनं कुणाला काही विचारलं नाही.

"वही हाय न्हवं तुज्याकडं?" ती म्हणाली. "काड. आता माजं मत लिव्ह."

मी वही काढली. तिचं मत असं होतं, मी एकही शब्द बदललेला नाही:

"पिक्चर बरा हाय. पर त्या पोरीची आई दावली न्हाय. पोरगी मेली, भूत झाली, समदी मानसं मेली. तवर तिची आई कुठं हुती? तिला कोन इचारलं का न्हाय? आनि ह्यांचं भूत इंटरवलपातूर येतंय. मी दोन वर्सं झाली, दार उगडं ठिवून निजतो. माजी आली न्हाय."

मी खाली सवयीनं लिहू लागले, आजरा तालुक्यातील. तिनं वहीवर बोट ठेवलं.

"नाव घाल," ती म्हणाली. "माजं घाल, लेकीचं घाल, गावाचं घाल. एवढी मानसं इचारली मी. एकानं त्याचं नाव सांगितलं न्हाय. माजं तरी घाल."

तिन्ही नावं तिनं सांगितली आणि मी लिहिली. बरोबर लिहिली का, ते तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मग ती चारच्या गाडीला गेली.

दुसऱ्या दिवशी मी ते, गेल्या आठवड्याच्या सिनेमावरचं म्हणून, नव्या सिनेमाच्या सहाही मतांच्या वर लावून दिलं. संपादकांनी वाचलं, पुन्हा चष्मा काढला. "झकास आहे," ते म्हणाले. मग लाल पेन घेऊन त्यांनी तिन्ही नावांवर रेघ मारली. "नावं घातली की उद्या वकिलाची नोटीस दारात. आणि सदराची रीत आहे आपल्या."

मी समोर उभी होते. तोंडात शब्द होते, अगदी जिभेवर होते. कालच मी हेच सगळं एका अनोळखी बाईसमोर बोलले होते. या माणसासमोर मात्र मला निपाणी आठवली, कराड आठवलं, त्या महिन्याची अखेर आठवली. त्यांनी विचारलं, "काय गं, काही म्हणायचंय?"

"नाही," मी म्हणाले.

आठवड्याच्या अंतरानं दोन मतं एकाच सहीनं छापली गेली. एक मी रचलेलं आणि एक तिचं. दोन्हींच्या खाली 'आजरा तालुक्यातील एक प्रेक्षक'. दोन्ही चौकटीत. पेपरात ती अगदी सारखी दिसत होती. महिन्याच्या अखेरीला मी कायम झाले आणि घरी पेढे आले.

ती त्यानंतर एकदाच आली. टेबलावर अंक उलगडला आणि उभीच राहिली.

"ह्ये माजंच हाय न्हवं?"

"हो, मावशी."

"नाव कुठं हाय?"

"साहेबांनी काढलं."

"तू काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. तिनं अंकाची घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडंच," म्हणाली. जिन्यात चपला घालताना या वेळी तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मी पुढे कधी आजऱ्याला गेले नाही. जायला दोन-अडीच तास लागत असतील. कित्येकदा स्टँडवर आजरा गाडी लागलेली दिसायची आणि मी दुसरीकडे बघायची. तिला न्याय मिळाला का, ती अजून फॅक्टरीत जाते का, दार उघडं ठेवते का, यातलं मला काही माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही, हे जास्त खरं.

नंतरच्या दहा वर्षांत ते सायंदैनिक बंद पडलं. थेटरही पाडलं, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. एका रविवारी भर दुपारी तो सिनेमा केबलवर लागला होता. माझी मुलगी पाय पोटाशी घेऊन बघत होती. "आई, बस की, भारी आहे," ती म्हणाली. मी बसले, उठले, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. विहिरीचा प्रसंग येण्याआधी गच्चीवर जाऊन न वाळलेले कपडे गोळा करून आणले. शेवटी ती म्हणाली, "भूत जरा खोटं वाटतं, नाही?" मी काहीतरी हो-नाही केलं.

वही अजून माझ्याजवळ आहे. हे लिहिताना ती शेजारी उघडीच ठेवली आहे. माझ्या त्या वेळच्या घाईच्या अक्षरात तिन्ही नावं स्पष्ट आहेत, आईचं, लेकीचं आणि गावाचं. शाई थोडी पसरली आहे, पण वाचता येतात. कालपासून चार वेळा मी ती या मजकुरात घातली आणि चारही वेळा खोडली. आता हा मजकूर छापायला जाईल. त्यात नावं नाहीत.